बायोडेटात बेस लिहायचा की नाही?

पत्र : काका, मी २६ वर्षांची आहे. मानेवाडा रोडला राहते, एका बँकेच्या बॅक ऑफिसात नोकरी करते. पाच वर्षांपासून बेस गिटार वाजवते. आमचा पाच जणांचा बँड आहे. धरमपेठ, सदरच्या कॅफेंमध्ये महिन्याला दोन-तीन गिग होतात, कधी कॉलेजच्या फेस्टला बोलावणं येतं. सेटमध्ये बहुतेक हिंदी गाणी असतात, शेवटची तीन-चार मात्र आम्ही हेवी मेटल वाजवतो. मी त्या वीस मिनिटांची महिनाभर वाट बघते. मला हेच का ओढून घेतं ते सांगता येत नाही, चुकत असेन तर माफ करा. पण काका, मी कोणाला ऐकूच येत नाही. साउंडवाले दादा दर वेळी म्हणतात, ‘मॅडम, हॉल घुमून राहिला, बेस कमी करतो.’ गिटारवाला म्हणतो, ‘तू फक्त रूट वाजव,’ म्हणजे कॉर्डचा नुसता मूळ सूर. घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ पाहते तर त्यात मी नुसती उभी दिसते, आवाज नाहीच. मागच्या महिन्यात ते बघून रडले. घरी मी अशी गाणी ऐकते तेव्हा आई दारातून विचारते, ‘काऊन वं, त्या पोट्ट्याचा घसा फाटला का?’ बाबा म्हणतात, एवढं रागाचं गाणं ऐकणारं माणूस आतून बरं नसतं. गिगनंतर रात्री साडेदहाला मी स्कूटीनं एकटी येते, त्यावरूनही आई चिडते. आता स्थळं पाहणं सुरू आहे. बायोडेटात आईनं ‘आवड : गायन, वाचन’ असं लिहिलं. मी गात नाही. लग्न जमेपर्यंत बँड बंद कर, गिटार विकून टाक, असं घरचं म्हणणं आहे. मलाही वाटतं, कोणाला ऐकूच येत नसेल तर सोडून काय बिघडणार आहे?
— चौथी तार, मानेवाडा

उत्तर :

बेटा, आधी त्या मोबाइलच्या व्हिडिओचं बोलू, कारण तू रडलीस ती त्याच्यामुळे.

तू सही केलीस ती चौथी, म्हणजे बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. ए ची तार ५५, डी ची ७३, जी ची ९८. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो. एवढे खालचे सूर त्याला काढताच येत नाहीत, काहीशे हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपांच्या) खाली तो जवळपास मुका आहे. त्यातून जो काही बेस ऐकू येतो तो मूळ सुराचा नसतो. त्या सुरातच मिसळलेले वरचे सूर ऐकून आपला मेंदू खालचा सूर भरून घेतो. म्हणजे तू स्वतःला अशा यंत्रावर जोखलंस ज्याला तुझं वाद्य वाजवताच येत नाही. तोच व्हिडिओ कान झाकणारा चांगला हेडफोन लावून पुन्हा ऐक. पुढच्या गिगला साउंडवाल्याला सांगून मिक्सरमधून थेट रेकॉर्डिंग घे, आणि एक छोटा रेकॉर्डर प्रेक्षकांत ठेव. या दोन्हींत तू ऐकू आली नाहीस तर आपण खरी अडचण शोधू. मोबाइलचा निकाल मात्र आजच रद्द कर.

आता हॉल घुमतो त्याचं. साउंडवाले दादा खोटं बोलत नाहीत. त्या ४१ हर्ट्झच्या एका लाटेची लांबी आठ मीटरच्या वर भरते, साधारण २७ फूट. कॅफेची एखादी बाजू तिच्या निम्मी, १३-१४ फुटांची असली की तो सूर दोन भिंतींमध्ये अडकतो आणि फुगतो. एक सूर गडगडतो, शेजारचा गायब होतो. गिऱ्हाइकाच्या टेबलावरचा पेला थरथरला की मालक साउंडवाल्याकडे बघतो, साउंडवाला तुझा आवाज खाली ओढतो. घुमतो तो एखादा सूर, आणि शिक्षा सगळ्या वाद्याला. तेव्हा त्यानं खाली ओढण्याआधी तू स्वतः अ‍ॅम्पवरचा बेसचा नॉब खाली घे आणि मिड, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, वर कर. ७००-८०० हर्ट्झच्या आसपास बोट तारेवरून सुटल्याचा आवाज असतो, लोकांना ‘कोणीतरी वाजवतंय’ हे तिथून कळतं. अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवू नको, दोन भिंती आणि फरशी मिळून खालचे सूर आणखी वाढवतात. भक्कम स्टुलावर ठेव, म्हणजे तुझ्या पोटऱ्यांऐवजी तुझ्या कानाला ऐकू येईल. आणि दादांना साउंडचेकच्या वेळी चहा पाजून सांग, ‘दादा, फेडर (आवाजाचा सरकता नॉब) राहू द्या, आधी ६० हर्ट्झच्या आसपासचं थोडं कापून बघा.’ मी बरीच वर्षं साउंडवाल्यांशी भांडलो. चहा पाजायला शिकलो त्यानंतर माझा आवाज सुधारला.

घरी एकटीनं वाजवताना मिड कमी केलेला, गोल, गोड टोन फार छान वाटतो. बँडमध्ये तोच टोन बुडतो. तू घरचा टोन गिगला नेतेस असा माझा अंदाज आहे. एकदा तपासून बघ.

गिटारवाल्याशी मात्र बोलावंच लागेल. हेवी गाण्यांना तुम्ही ड्रॉप डी लावत असाल, म्हणजे जाड तार डी पर्यंत सैल करत असाल, तर त्याची सर्वात जाड तार ७३ हर्ट्झवर येते, तुझी डी ची मोकळी तार बरोबर तिथेच आहे. दोन गिटार, दोन्हींवर डिस्टॉर्शन, दोघांच्याही अ‍ॅम्पचा बेस पूर्ण वर. मग तुला उभं राहायला जागाच उरत नाही. त्याला सांग, ‘एका सरावाला फक्त दोन गाणी तुझा बेसचा नॉब निम्मा करून वाजवू.’ त्याची गिटार एकट्यानं ऐकली तर पातळ वाटेल आणि त्याला ते आवडणार नाही. सगळ्यांबरोबर ऐकली की तोच म्हणेल, अचानक सगळं जाड झालं.

‘फक्त रूट वाजव’ हे त्याचं म्हणणं तुला अपमानाचं वाटलं. बोलण्याची पद्धत चुकली असेल, पण वेगवान, भरगच्च रिफच्या (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या) खाली रूट वाजवणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. त्यात तुझ्या हाती एक गोष्ट राहते जी त्याला दिसत नाही : सूर कुठे संपवायचा. किकबरोबर (पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमबरोबर) सुरू झालेला सूर स्नेअर (काठीनं वाजणारा कडक ड्रम) पडायच्या आत दाबलास तर गाणं धावतं. स्नेअरवरून पुढे ओढलास तर तेच गाणं जड पावलांनी चालतं. ताल तोच, सूर तोच, गती तीच. एक महिना रूटच वाजव, आणि प्रत्येक गाण्यात सूर कुठे तोडायचा हे तू आणि ड्रमर बसून ठरवा. मेट्रोनोम ६० वर लाव आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरून वाजव. पहिले आठ दिवस चीड येईल, नंतर हात स्वतःहून थांबायला लागतो.

मी १८ वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला. हिंदी गाणी, लावण्या, एप्रिलमध्ये जयंतीचे भीमगीतांचे कार्यक्रम, लग्नाच्या सीझनला एका दिवसात दोन-दोन ठिकाणं. एकदा काटोलकडच्या एका लग्नात दुसऱ्याच गाण्याला माझा अ‍ॅम्प जळाला. दुसरा नव्हता. मी गळ्यात गिटार अडकवून रात्रभर नुसती बोटं हलवत उभा होतो. नाचणारी मंडळी तिसऱ्या गाण्याला खुर्च्यांवर जाऊन बसली. कार्यक्रम संपल्यावर नवरीची मावशी आमच्या गायकाला म्हणाली, ‘आज तुमची तब्येत बरी नव्हती का? गाण्यात दम नव्हता.’ त्याचा आवाज त्या दिवशी उत्तम लागला होता. बेस नव्हता हे एकाही माणसाला कळलं नाही, आणि तरी सगळ्यांना तो हवा होता. त्या रात्री मी फार दुखावलो होतो. आज वाटतं, त्या मावशीनं माझ्या कामाची जेवढी नेमकी नोंद घेतली तेवढी नंतर कोणीच घेतली नाही.

म्हणून गर्दीनं तुला नावानं ओळखावं ही वाट बघू नको. ते होईलही, पण उशिरा. तुला आज ऐकायला हवं ते तुझ्या चार जणांनी. सरावाला एकदा सांग, हे एक गाणं माझ्याशिवाय वाजवा, मी समोर बसून ऐकते. बाकी काही बोलू नको.

तुला हेवी संगीतच का ओढून घेतं याबद्दल तू पत्रात जवळजवळ क्षमा मागितल्यासारखं लिहिलं आहेस. त्याची काही गरज नाही. बेस वाजवणाऱ्याचं हे माहेरच आहे. ज्या चौघांपासून हे सगळं सुरू झालं त्या ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडमध्ये दुसरी गिटार नव्हती. गिटारवाला टोनी आयोमी सोलो घ्यायला वर गेला की खाली फक्त गीझर बटलरचा बेस आणि ड्रम. गाणं उघडं पडू नये हे काम बेसचं. ती सगळी बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली पोरं होती. आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली, तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल करून पट्टीच खाली आणली. १९७१च्या अल्बमवर ती दीड सूर खाली गेलेली ऐकू येते. आज जगभर ज्याला ‘हेवी’ म्हणतात त्या आवाजात त्या दुखावलेल्या बोटांचा मोठा वाटा आहे. माझे वडील गिरणीत मागावर होते, त्यामुळे ही गोष्ट वाचली तेव्हा मला ती परकी वाटली नाही. मोटरहेड बँडचा लेमी तर बेसवर सरळ कॉर्ड वाजवायचा, मिड वर आणि बेसचा नॉब खाली ठेवून. मघाशी तुला सांगितलं तेच.

आणि ऐकू न येण्याचं म्हणशील तर मेटालिका बँडचा १९८८चा अल्बम काढ. त्यांचा बेसवाला क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात बेस शोधावा लागतो. तो चांगला वाजवत होता. मिक्सिंगच्या टेबलावर आवाज दाबला गेला. तो त्यानंतरही २००१ पर्यंत त्या बँडमध्ये होता.

आता बाबा. ‘आतून बरं नसतं’ हे त्यांचं वाक्य काळजीतून आलं आहे, म्हणून त्याला उत्तर दे, उलटून बोलू नको. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ साली ३९ तरुण श्रोत्यांवर एक प्रयोग झाला. सगळे असंच कडक संगीत ऐकणारे. त्यांना आधी रागाच्या आठवणी सांगायला लावून चिडवलं, मग काहींना आपापलं आवडतं गाणं दिलं, काहींना शांत बसवलं. गाणं ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. शांत बसलेल्यांइतकाच त्यांचाही चिडकेपणा उतरला, वर त्यांना उत्साह वाटला. प्रयोग छोटा आहे, त्यावर फार मोठा दावा करता येणार नाही. पण तुझा स्वतःचा अनुभव हाच आहे ना? गिगहून येतेस तेव्हा तू भांडतेस की शांत झोपतेस? बाबांना हा प्रश्न विचार. ते रोज तुला बघतात.

आईला मी दुसरं विचारीन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्या नागपुरात मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते. काळी आणि पिवळी, १८८०च्या दशकापासून. महाल-इतवारीच्या त्या गर्दीत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे घसा फोडून ओरडतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे सलतं ते सगळं तिच्या गळ्यात घालून गावाबाहेर नेतात आणि जाळतात. बडगे (पुरुषांचे पुतळे) निघतात, ताशे वाजतात, कान बधिर होतात. त्या दिवशी कोणी म्हणत नाही की हे शहर आजारी आहे. उलट घरी येऊन माणसाला हलकं वाटतं. तुझ्या त्या पोट्ट्याचा फाटलेला घसा ऐकताना मला दर वेळी मारबत आठवते. आईला त्यातले शब्द समजावून सांगत बसू नको. एवढंच सांग की काही लोकांना वर्षातून एक मारबत पुरत नाही.

कानांचं मात्र मी कडकपणे सांगतो. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेनं घालून दिलेली मर्यादा अशी : ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रमशेजारी १०० सहज होतात, आणि तुमचा सराव दोन तास चालत असणार. माझ्या डाव्या कानात आज रात्रंदिवस शिट्टी वाजते, कारण १८ वर्षं मी झांजेच्या बाजूला उभा राहिलो आणि कानात कापूस घातला तर लोक हसतील असं मला वाटायचं. ही शिट्टी आता जाणार नाही. वडिलांचे कान मागाच्या खटखटीनं गेले होते, हे बघूनही मी शिकलो नाही. तू इअरप्लग घेतल्याशिवाय पुढच्या सरावाला पाय ठेवू नको. संगीतासाठीचे, आवाज सगळीकडून सारखा कमी करणारे मिळतात ते घे.

रात्रीचं येणं हा वेगळा विषय आहे आणि घरात तो गाण्याच्या विषयात मिसळला गेला आहे. आईचा निम्मा राग तुझ्या स्कूटीवर आहे. पाठीवर जवळजवळ चार फुटांची बॅग आणि रात्री साडेदहाला सुना रिंग रोड. ते ऐकून मलाही काळजी वाटते. ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं तुला दारापर्यंत सोडायचं, हे बँडमध्ये नियमासारखं ठरव, आणि निघताना घरी फोन कर. तीन-चार गिग असं झालं की उरेल तो फक्त गाण्याचा वाद. तो सोपा आहे.

बायोडेटा दुरुस्त कर. ‘आवड : बेस गिटार, बँडबरोबर नियमित कार्यक्रम’ असं लिही. ‘हेवी मेटल’ हे शब्द कागदावर नसले तरी चालतील, ते मुलाला पहिल्याच भेटीत तू स्वतः सांग. ‘गायन’ मात्र आजच काढ. उद्या सासरी कोणी ‘म्हण एखादं’ म्हटलं तर तुझं खरं वाद्य बाहेर यायच्या आधी खोटं उघडं पडेल. लिहिल्यामुळे काही स्थळं परत जातील. जाऊ दे, ती लग्नानंतर गेली असती तर जास्त त्रास झाला असता. मुलाला ‘तुला मेटल आवडतं का’ हे विचारू नको, त्याला काही अर्थ नाही. ‘शनिवारी रात्री गिग संपल्यावर मला घ्यायला येशील का’ हे विचार आणि उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते बघ. माझ्या बायकोला ऑर्केस्ट्रा कधीच आवडला नाही. पण १८ वर्षं माझा डबा तिनं भरला, आणि मी परत येईपर्यंत व्हरांड्यातला दिवा विझवला नाही.

बाबांना मोहिनी डे हिचं वाजवणं दाखव. मुंबईची मुलगी, ए. आर. रहमान यांच्याबरोबर बेस वाजवलेली. तिला बेस लहानपणी तिच्या वडिलांनीच शिकवला. इंडियन ओशन बँडचे राहुल राम बेस वाजवतात आणि गातात, त्यांनी कॉर्नेलहून पीएचडी केली आहे. बाबांना पदवीचं महत्त्व असेल तर हेही सांग.

बेस विकायचा विषय मी इथेच संपवतो. विकू नको. वापरलेल्या बेसचे नागपुरात फार पैसे येत नाहीत, आणि बोटांचे घट्टे चार आठवड्यांत मऊ पडतात. वर्षानं पुन्हा सुरू करशील तेव्हा वाद्यही नसेल आणि हातही नसतील. फक्त मे महिन्यात ते बंद गाडीत ठेवू नको, आपल्या उन्हानं त्याची मान वाकते. पावसाळा लागला की तारांची उंची एकदा तपासून घे.

आणि आईला पुढच्या गिगला ने. हिंदी गाण्यांसाठी बोलावून हेवी सुरू व्हायच्या आत घरी पाठवशील, तसं करू नको. तिला शेवटच्या चार गाण्यांसाठीच बोलाव. स्पीकरसमोर बसवू नको. साउंडवाल्याच्या टेबलाजवळ बसव, तिथे सगळ्यात नीट ऐकू येतं, आणि दादा तिच्याशी दोन शब्द बोलतीलही. तिला एवढंच सांग की गिटार आणि ओरडणं सोडून दे, समोरच्या टेबलावर हात ठेव आणि माझी बोटं बघ. बोट हललं की हाताला काय लागतं ते तिचं तिला कळेल. येताना इअरप्लगचे दोन जोड जास्तीचे घे. बाबा येणार नाही म्हणतील, तरी दोन घे.